जर्मनची गाडी

गल्लीत दोघांना जपानी आणि जर्मन म्हणत. त्या देशांत दोघांपैकी कुणी पाऊलही ठेवलं नव्हतं. पण जपानीच्या शेडमध्ये जुनी जपानी स्पोर्ट्स कार होती, समोरच्या घरात जर्मन बनावटीची, आणि कुठली सरस यावर दोघं उभी हयात भांडत आले होते. जपानी म्हणायचा, माझी एका किल्लीत सुरू होते. जर्मन म्हणायचा, म्हणूनच तुझ्या दारात कुत्रं फिरकत नाही. माझी बिघडते तेव्हा अख्खी गल्ली धक्का मारायला येते. ते जपानीला झोंबायचं, कारण खरं होतं. लग्न केलं नव्हतं, गोतावळा नव्हता. रविवारचं भांडण हाच काय तो त्याचा संसार.

हिवाळ्यात जर्मन गेला. त्याची बायको, जपानीच्या वहिनी, लेकीकडे कायमच्या निघाल्या आणि गाडीला गिऱ्हाईक आलं. जुन्या गाड्या जमवणारा तो तरुण सगळं पाहून म्हणाला, समोरचीही विकाऊ असेल तर दोन्हींतली चांगली ती एक घेईन. वहिनींनी त्याला जपानीकडे पाठवलं. दोन्ही गाड्यांची नस न् नस भावोजींना ठाऊक आहे, म्हणाल्या.

जपानीने मनाशी पक्कं केलं होतं: आपली विकायची, पैसे वहिनींच्या हाती ठेवायचे आणि जर्मनची गाडी ठेवून घ्यायची. त्यासाठी फक्त भांडण जिंकायचं होतं.

तो सुरू झाला. त्या गाडीचं इंजिन मागे, ओल्या वळणावर शेपूट फिरवते. तेल गळतं. दुरुस्तीत माणूस धुऊन निघतो. उलट माझ्या गाडीचं इंजिन मूळचं, रंग कंपनीतला, खाली गंजाचा ठिपका नाही. प्रत्येक वाक्यानंतर तो जरा थांबत होता. जर्मनला मध्येच तोंड घालायची खोड होती, त्याच्यासाठी जागा सोडायची सवयच जडली होती. तरुण नुसती मान डोलवत राहिला.

इतक्या सहज तो कधीच जिंकला नव्हता.

त्याची गाडी गेली. वहिनींनी जर्मनच्या गाडीची किल्ली दिली आणि म्हणाल्या, "भावोजी, त्यांची फार इच्छा होती तुम्ही एकदा चालवावी."

"माहीत आहे, वहिनी. मीच ताठ्यात राहिलो."

दुसऱ्या दिवशी तो पहिल्यांदा त्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसला. गल्लीच्या टोकाला वळायचं म्हणून त्याने सवयीने स्टिअरिंगची उजवी दांडी दाबली. जपानी गाडीत वळणाच्या दिव्याची दांडी उजवीकडे असते, जर्मन गाडीत डावीकडे. दिवा लागलाच नाही. कोरड्या काचेवर वायपर खरडू लागले.

"हसू नकोस," तो चिडून शेजारच्या रिकाम्या सीटला म्हणाला.

आणि मग त्याला वळताच येईना. मागच्याने हॉर्न दिला, तरी तो तिथेच बसून राहिला.