खोकला आला की केस मागे

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. पहिली दोन वर्षं माझा स्वतःचाही बसत नव्हता. तरी ऐका. तुम्ही शाळेच्या या अडगळीच्या खोलीत चेंडू शोधायला आला आहात आणि चेंडू माझ्या खोक्यामागे गेला आहे. गोष्ट संपल्याशिवाय मी जागचा हलणार नाही.

मी एक जुना माइक आहे. माझ्या डोक्यावरच्या जाळीला पोचे आले आहेत, वायर दोन ठिकाणी चिकटपट्टीने बांधली आहे. पण माझा जन्म पाहायला हवा होता! कारखान्यातल्या ज्या ताईंनी माझ्या पोटातली नाजूक तार जोडली त्यांचे हात इतके हलके होते की मला गुदगुल्या झाल्या आणि मी खदखदून हसलो. ते हसू भिंतीवरच्या कर्ण्यातून असं काही घणाणलं, की जेवणाची सुट्टी झाली असं समजून सगळे कामगार डबे उघडून बसले.

मग मी साउंडवाल्या काकांकडे आलो. काका मला मऊ फडक्यात गुंडाळत. कार्यक्रमाआधी माझ्या डोक्यावर बोटाने टकटक करत आणि म्हणत, "हॅलो, हॅलो. बोल रे राजा." माझा आवाज खणखणीत आला की त्यांच्या मिशा वर चढत. मी किती सभा गाजवल्या म्हणून सांगू! एका पुढाऱ्याने माझ्यापुढे इतकं लांब भाषण केलं की उभा राहिला तेव्हा त्याचे केस काळे होते आणि खाली बसला तेव्हा पांढरे. एकदा एक मुख्याध्यापक माझ्यात शिंकले, तर नदीपलीकडच्या लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. हसू नका. मोठ्यांच्या आठवणींना हसत नाहीत.

आता मुद्द्याचं. अजूनही आठवलं की माझी जाळी तापते.

देशातली सर्वांत सुंदर मुलगी निवडायची मोठी स्पर्धा त्या वर्षी आमच्या शहरात भरली. बावीस मुली आल्या होत्या. त्यांना तयार करणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांच्या गळ्यात कायम मोजपट्टी. दोन पावलांत अंतर किती, मान किती वळवायची, सगळं मोजून. हसताना वरचे आठ दात दिसले पाहिजेत, खालचा एकही नाही. आणि कलागुण फेरीत गाणाऱ्या मुलीने तोंड किती उघडायचं? दोन बोटं! मॅडम खरोखर प्रत्येकीच्या ओठांपुढे दोन बोटं आडवी धरून पाहायच्या. मित्रांनो, गाण्याचं माप घेण्याचा हा काय प्रकार? चपला शिवून घ्यायच्या होत्या का?

त्या मुलींमध्ये एका नावाड्याची मुलगी होती. लहानपणापासून ती नदीच्या या काठावरून पलीकडच्या बापाला हाक मारायची. उतारू आले की एक लांब, चढती हाक द्यायची आणि बाप पलीकडून होडी सोडायचा. त्या हाकेनेच तिचा गळा घडला होता. कलागुण फेरीत पहिली येणाऱ्या मुलीला संगीत विद्यालयात तीन वर्षं शिकायला मिळणार होतं. मुकुट कुणालाही द्या, तिला ती जागा हवी होती.

तालमीच्या दिवशी मॅडम काकांना म्हणाल्या, "माइक बंद ठेवायचा. गाणी आधीच ध्वनिमुद्रित केली आहेत. एका गायिकेने सगळ्यांची गायली आहेत."

काका म्हणाले, "मग मला कशाला बोलावलंत? मुलींच्या हातात लाटणं द्या की!"

"लाटणं फोटोत बरं दिसत नाही."

ऐकलंत? मी, ज्याने शिंकेने खिडक्या लावायला लावल्या, तो फोटोपुरता! आणि पुढे ऐका. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी त्या गायिकेला सर्दी झाली होती. प्रत्येक गाण्यात दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी एक बारीकसा खोकला राहून गेला होता. तो काढायला वेळ नव्हता. मॅडमनी तोडगा काढला. "लक्षात ठेवा मुलींनो, खोकला आला की केस मागे टाकायचे. लोक केस बघतील, खोकला ऐकणार नाहीत."

नावाड्याची मुलगी म्हणाली, "मॅडम, बक्षीस गाणं शिकण्याचं, आणि गाणार दुसरंच कुणी?"

"अगं, खरं गायलं की गळ्याच्या शिरा फुगतात, कपाळाला घाम येतो. चेहरा तुझा, गळा तिचा. यात बिघडलं काय?"

"मग शिकायला कुणी जायचं? चेहऱ्यानं की गळ्यानं?"

"जास्त बोललीस तर दोघांनाही घरी पाठवीन," मॅडम म्हणाल्या. "दार तिकडे आहे."

मधल्या सुट्टीत तिचे बाबा तिला भेटायला आले. नवे बूट घालून आले होते, ते सारखे करकरत होते.

"काय गं, चेहरा का उतरला?"

"बाबा, नुसते ओठ हलवायला सांगतायत. आवाज दुसऱ्या बाईंचा."

नावाड्याने बराच विचार केला. "म्हणजे मी नुसती वल्ही हलवायची आणि होडी दुसऱ्यानं ओढायची?"

"तसंच."

"आणि उतारूंना कळत नाही?"

"ते केस बघत असतात, बाबा."

स्पर्धेच्या दिवशी सभागृह गच्च भरलं. पहिली मुलगी गायली, म्हणजे ओठ हलले. खोकला आला, केस मागे. दुसरी आली, तोच आवाज, तोच खोकला, केस मागे. परीक्षक माना डोलवत होते. मी त्या मुलींच्या हातात मुका होऊन बसलो होतो आणि संतापाने माझी वायर पिळवटत होती.

मग नावाड्याची मुलगी मला हातात घेऊन पुढे आली. गाणं सुरू झालं. हिचे ओठ मिटलेले! कर्ण्यांतून गोड गाणं चाललंय आणि ही शाळेच्या फोटोत उभी राहावी तशी तोंड मिटून उभी. लोक कुजबुजू लागले. मॅडम पडद्याआडून दोन बोटं नाचवत होत्या. पहिलं कडवं संपलं. आणि आला! भल्यामोठ्या सभागृहात, सहा कर्ण्यांतून, खोकला आला. तिने शिकवल्याप्रमाणे अगदी ऐटीत केस मागे टाकले.

असा हशा उसळला, की पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांची कवळी उडून निकालाच्या वेळी वाजवायला ठेवलेल्या ढोलावर पडली. काकांनी गाणं बंद केलं. हात चुकून लागला, असं ते नंतर सांगत राहिले.

मुलगी खाली वाकली, तिने मला हळूच जमिनीवर ठेवलं, सरळ उभी राहिली आणि तोंड उघडलं. दोन बोटं नाही, चांगली मूठभर! पहिला सूर तिने काठावरच्या हाकेसारखा लांब, चढता लावला. तशी शेवटच्या रांगेतून तिचे बाबा ताडकन उठले आणि सवयीने ओरडले, "आलो गं, आलो!"

लोक हसले. मग एकेक करून हसायचे थांबले. ती गात होती. शिरा फुगल्या, कपाळावरून घाम ओघळला, काजळ गालावर आलं, आणि सभागृहात कुणी खुर्चीसुद्धा करकरवली नाही. गाणं संपलं तेव्हा तिचे बाबा अजून उभेच होते.

पण निकाल? तिला बाद केलं! परीक्षकांनी कागदावर लिहिलं, 'तोंड फार उघडते.' मॅडम तर तिच्यावर धावूनच गेल्या. "घशातली पडजीभ दिसली सगळ्यांना! लाज नाही वाटली?"

"पडजीभ माझीच होती, मॅडम," ती म्हणाली. नवे बूट चावत होते म्हणून बाबांनी ते काढून हातात घेतले, आणि दोघं बाहेर पडली. संगीत विद्यालयातली जागा दुसऱ्या खोकल्याला मिळाली. हा न्याय झाला का? तुम्हीच सांगा!

आणि त्याहून मोठा अन्याय माझ्यावर झाला, मित्रांनो. त्या दिवशी तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवला कुणी? मी! बंद होतो, तिच्या पायाशी पडलो होतो, तरी तिथून जीव एकवटून मी एकेक सूर वर उचलला. पण एकाही वर्तमानपत्राने माझं नाव छापलं नाही. टाळ्यांतली एकही टाळी माझ्याकडे वळली नाही. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, जुन्या वस्तूंची कदर करा. त्यांना पुसा, झाका, आणि ज्याचं श्रेय त्याला...

काय गं, तू ती मागची, दोन दात पडलेली, हात कशाला वर केलास?

"तिनं तुला खाली ठेवलं, मग ती गायली."

हो, पण मी खालून...

"आणि तू बंद होतास."

बंद होतो, तरीसुद्धा...

"खोटं! ती एकटीच गायली. तूपण नुसते ओठच हलवत होतास!"