सहाण, वेखंड आणि कोपीची पिल्लं

मी एक जुनी सहाण आहे. मित्रांनो, तुमच्यातल्या कित्येकांनी मला पाहिलंही नसेल, म्हणून सांगते. वितीएवढा गोल दगड, वरून गुळगुळीत. पाण्याचे दोन थेंब टाकून माझ्यावर हळकुंड, जायफळ, वेखंड उगाळतात. उगाळणाऱ्याचं कौतुक होतं, झिजते मी. पण जे जे माझ्यावर घासलं गेलं त्याचा वास माझ्यात मुरला आहे. म्हणून वासाच्या बाबतीत मला कुणी शहाणपण शिकवू नये.

कऱ्हाडकडच्या एका पाथरवटाने मला घडवलं. टाकी मारताना तो शिव्याही भरपूर द्यायचा. माझं बोलणं थोडं फटकळ आहे ते त्यामुळे. चालवून घ्या.

बाजारातून मला अनघाच्या आईने उचललं. पुढे अनघाला मुलगी झाली आणि माझे सुगीचे दिवस आले. रोज सकाळी बाळगुटी, पोट दुखलं की वेखंडाचा लेप. बाळाला पाहायला येणारी बाईमाणसं माझ्यावरून बोट फिरवून म्हणायची, सहाण असावी तर अशी. बाळाचा बाप, श्रीराम, तेव्हा कुठे होता? जहाजावर. तो मरीन इंजिनिअर. आपली लेक, किमया, त्याने आधी फोनच्या पडद्यावर पाहिली. हातात घेतली तेव्हा तिला दात आले होते.

मग हे तिघं सिंगापूरला आले. यिशुन नावाच्या भागात भाड्याचा कॉन्डो, म्हणजे फ्लॅटच. इथल्या घरांत जाड भिंतींची, पोलादी दाराची एक खोली असते, बॉम्ब शेल्टर. बॉम्ब काही पडत नाहीत, म्हणून लोक तिच्यात बॅगा आणि नको झालेल्या वस्तू कोंबतात. मलाही तिथेच टाकलं, जुन्या राइस कुकरशेजारी. किमया शाळेत जाऊ लागली, इथल्यासारखं वाक्याच्या शेवटी 'ला' लावून इंग्रजीत भांडू लागली. माझं नावही तिला ठाऊक नव्हतं. राग यायचा मला. दगडाला राग येत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी अंधारात पडून बघावं.

या वर्षी श्रीराम सुट्टीवर घरी होता. जहाजदुरुस्तीच्या यार्डाबाहेर भटकणारी एक कुत्री त्याला दिसली, गाभण, पोट जमिनीला टेकलेलं. प्राणी वाचवणाऱ्या एका संस्थेच्या मिस टॅन म्हणाल्या, पिल्लं मोठी होईपर्यंत तुम्हीच सांभाळा. रंग इथल्या हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांवरच्या कॉफीसारखा; त्या कॉफीला इथे कोपी म्हणतात, म्हणून किमयाने तिचं नाव ठेवलं कोपी.

हॉलमध्ये कोपीला मऊ गादी घातली होती. ती व्यायली कुठे? माझ्या शेजारी, बॉम्ब शेल्टरमध्ये, एका फाटक्या चादरीवर. अंधार, शांतता आणि माणसं दूर. तिने ती जागा का निवडली, हे कुणालाच विचारावंसं वाटलं नाही. मला मात्र तिचं भारी कुतूहल. चार पिल्लं, डोळे मिटलेले, एकसारखी वळवळणारी. ती प्रत्येकाला हुंगायची, चाटायची, पुन्हा हुंगायची. डोळ्यांनी मोजतच नव्हती. नाकाने मोजत होती.

पिल्लं बघायला वाकलेल्या श्रीरामला मी दिसले. त्याने मला उचललं आणि अनघाला म्हणाला, यांना न्हाऊमाखू घालू या. अनघा हसत म्हणाली, "लेकीच्या वेळी कुठे गेली होती ही हौस?" ती थट्टा होती, पण त्याला लागली. जे लेकीसाठी करायचं राहून गेलं ते तो आता पिल्लांसाठी करणार होता. प्रेम होतं हो, खोटं नाही म्हणत. पण प्रेम आलं की अक्कल हवीच, असा माणसांत नियम नाही.

सकाळी किमया कोपीला खाली फिरवायला घेऊन गेली. तेवढ्यात श्रीरामने कोमट पाणी काढलं, डाळीचं पीठ आणि हळद कालवली. माझ्यावर वेखंड उगाळलं. पिल्लांना धुऊन, पुसून, पोटाला लेप लावला. ओव्याची धुरीही द्यायची होती, पण अनघा म्हणाली, धूर झाला तर अलार्म वाजेल आणि सगळी बिल्डिंग खाली उतरेल. तीन पिल्लं झाली. चौथ्या काळ्याची पाळी आली आणि श्रीरामच्या कंपनीचा फोन आला. काळं तसंच राहिलं.

कोपी परत आली. चादरीपाशी गेली, हुंगलं आणि तिच्या अंगावरचे केस उभे राहिले. पुढचं मी मऊ करून सांगणार नाही. तिने पांढरं पिल्लू जबड्यात धरून झटकलं. ते मेलं. तिने दुसऱ्याला धरलं, तेव्हा श्रीरामने ओढून काढलं; त्याचा कान फाटला. तिसरं त्याने कसंबसं उचललं आणि दोघांना टोपलीत ठेवलं.

"ही आई नाही, हडळ आहे," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता पाठव हिला."

अनघाने मिस टॅनना फोन लावला. त्या म्हणाल्या, दुपारी येते. पिल्लांना बाटलीने दूध पाजू, पण एवढी लहान पिल्लं आईविना जगतील याची खात्री नाही. आणि पिल्लू मारणाऱ्या कुत्रीला कुणी घर देत नाही. म्हणजे कोपीचा जन्म पिंजऱ्यात जाणार होता.

किमया रडून झाल्यावर पोलादी दारापाशी बसली. मीही आत बघत होते. कोपी आडवी होती आणि काळं पिल्लू खुशाल पीत होतं.

"बाबा, व्हाय शी नेव्हर बाइट दॅट वन?"

श्रीराम म्हणाला, नशीब त्याचं. पोरीला ते पटलं नाही. तिने काळ्याला हुंगलं. मग टोपलीतल्या दोघांना हुंगलं. मग बापाचा हात धरून त्याची बोटं हुंगली.

"सेम स्मेल ला, बाबा. हे दोघं तुझ्यासारखे स्मेल करतात. ती घरी आली आणि तिची बेबीज गायब. दुसरीच कुणाची तरी ठेवलेली."

श्रीराम खाली बसला.

मिस टॅन आल्या. त्यांनी आधी कोपीला ताप आहे का पाहिलं, आचळ दुखतंय का पाहिलं. काही नव्हतं. मग दोन्ही पिल्लं साध्या कोमट पाण्याने पुन्हा पुन्हा पुसली, त्या फाटक्या चादरीवर घोळवली, काळ्याला चिकटवून ठेवली. कोपीच्या तोंडाला जाळी बांधली, पट्टा अनघाच्या हातात. एक पिल्लू मागून हळूच आचळाला लावलं. कोपी गुरगुरली. मान वळवून तिने हुंगलं, खूप वेळ हुंगलं. मग जाळीतून जीभ बाहेर आली आणि फाटक्या कानावर फिरली.

मिस टॅन म्हणाल्या, "ओके ला, मम्मी स्टे."

त्या संध्याकाळी श्रीराम मला सिंकमध्ये घासत होता. किमयाने विचारलं, "मी बेबी असताना मला कसला स्मेल यायचा?"

तो थांबला. "मला माहीत नाही, बाळा. मी नव्हतो."

"तुझ्या हातात सहाण आहे ना, तिचाच," अनघा त्याला म्हणाली.

त्याने नळ बंद केला. मला नाकाशी धरलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही. पुढच्या वेळी जहाजावर निघताना, वजन होईल असं अनघा सांगत असतानाही, त्याने मला बॅगेत घातलं. आता मी त्याच्या केबिनमध्ये असते.

तर मित्रांनो, आईने पिल्लाला दुखवलं की माणसं लगेच तिला शिव्या घालतात. आधी विचारा, का? दर वेळी वासच कारण असेल असं नाही. ती घाबरली असेल, आजारी असेल, गर्दीने वैतागली असेल. डॉक्टरांना दाखवा. व्यालेल्या आईला अंधार द्या, शांतता द्या, आणि तुमचे प्रेमळ हात थोडे दिवस खिशात ठेवा. आणि तुमच्या घरात कुठे माझ्यासारखी एखादी पडली असेल, तर तिच्यावरची धूळ पुसा, पण साबणाने घासू नका. तुम्ही लहान होतात तेव्हाचा वास अजून तिच्यात असेल.