मुलाखतीची लंगडी खुर्ची

मित्रांनो, आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. यशवंत शिपायाचा बसला नाही, अख्ख्या डिचोली बाजारात कुणाचा बसला नाही, मग तुमचा कसा बसेल? तरी ऐका. मी एक जुनी खुर्ची आहे, आणि एका मुलीसाठी मी जे केले ते आजवर कुठल्याच खुर्चीने केलेले नाही.

मी जन्माने पेडण्याची. केरी गावातल्या ज्या फणसापासून मला घडवले, त्याचा एक गरा खायला दोन वाडे जमत. अर्ध्या फळाची साल पाण्यात सोडून लोक तेरेखोलची खाडी ओलांडत. धाकू मेस्ताने मला घडवले. सुतार मोठा गुणी, पण माझे तीन पाय त्याने जेवणाआधी कापले आणि चौथा जेवणानंतर. त्या सुस्तीत चौथा पाय अर्धा इंच उणा राहिला.

पुढे मी डिचोलीच्या एका खाण कंपनीच्या ऑफिसात आले. साहेबांनी बसून पाहिले नि नाक मुरडले. फेकून कशाला द्या, म्हणून यशवंतने मला मुलाखतीच्या खोलीत उमेदवारांसाठी ठेवले. म्हणाला, "धा मिनिटांचो तर प्रश्न!"

मित्रांनो, ती दहा मिनिटे फार वाईट असत. जो बसे तो हले. माझा उणा पाय फरशीवर टकटक वाजे. बसणाऱ्याला वाटे, आपलेच गुडघे लटपटताहेत. साहेबांनाही तेच वाटे. नारळाच्या झाडासारखे ताठ आलेले तरुण दहा मिनिटांत घामाने भिजून जात, आणि त्यांच्या नावापुढे शेरा पडे, 'घाबरतो'. मला शरम वाटे. शरमेने मी आणखी हले.

अशात कमल आली. नार्व्याची, नदीकाठी शेती करणाऱ्या घरातली, हिशेबात चोख. तिला हवी होती काट्यावरची नोकरी. काटा म्हणजे खनिजाचे ट्रक जिथे तोलतात ती जागा. तिथे तोवर बाईमाणूस कधी बसले नव्हते.

पहिल्या वेळी तिला विचारले, भरल्या ट्रकात माल किती हे कसे काढशील? तिला सांगता आले नाही. नकार आला. दुसऱ्या दिवशी ही बया काट्यासमोरच्या झाडाखाली उभी! दिवसभर ट्रक मोजत होती. दुसऱ्या वेळी ते उत्तर आले, तर दुसरेच काही विचारले. तेही ती शिकून आली. एका साहेबांनी इंग्रजीतून विचारले तर हिने कोंकणीतून उत्तर दिले आणि वर म्हणाली, "साहेब, आता राजभास झाली मरे ती!" साहेब हसले. पण मी खाली टकटक करतच होते.

दोन वर्षांत पाच नकार. प्रत्येक वेळी बाहेर पडताना ती यशवंतला विचारी, "फुडली जागा केन्ना निघता?"

"बाये, तुका लज दिसना?" पाचव्या वेळी यशवंतने विचारले.

"लाज त्यांनी बाळगावी. पाच फावट बघून त्यांना माणूस कळत नाही."

मग बाजारात जाऊन ती उंड्या पावाबरोबर भाजी खाई. नकार रिकाम्या पोटी पचत नाही, असे तिचे म्हणणे. मी पुष्कळ माणसे पाहिली, मित्रांनो. पडल्यावर रडणारी पाहिली, चिडणारी पाहिली. पडल्यावर भूक लागणारी ही एकच.

सहाव्या वेळी मात्र गोष्ट गंभीर होती. गोवा राज्य झाले त्याच पावसाळ्यातली ही हकीकत. आई सोनाबाईने बजावले होते, "हे शेवटचे. आज नाही झाले तर बेळगावला मामाकडे जा. त्यांच्या घरात रांधायला माणूस लागते." मामाने येऊन तिची ट्रंकसुद्धा पाहून ठेवली होती.

कमल आत आली, माझ्यावर बसली. मी मनात म्हटले, खुर्चे, आज हललीस तर ही पोर जन्मभर मामाची भांडी घाशील. आणि मित्रांनो, मी श्वास रोखला, अंगातला सगळा फणस एकवटला, आणि माझा उणा पाय वाढवला! अर्धा इंच! दगडासारखी निश्चल उभी राहिले.

मोठ्या साहेबांनी विचारले, "वजनावरून ड्रायव्हर अंगावर धावून आला तर?"

कमल शांतपणे म्हणाली, "रिकाम्या ट्रकाचा आकडा आणि भरल्या ट्रकाचा आकडा, दोन्ही त्याच्यासमोर लिहीन. मागे तीस ट्रक हॉर्न मारत असतात, साहेब. भांडायला त्यालाच वेळ नसतो."

साहेबांनी एकमेकांकडे पाहिले. आज ही मुलगी थरथरत नव्हती. नोकरी तिला लागली. तीस वर्षे तिने काटा सांभाळला. एका ग्रॅमचीही खोट काढायची कुणाची छाती झाली नाही. मी मोडीत निघाले तेव्हा तिनेच मला नार्व्याला आणले. आत्तासुद्धा सोप्यावर ती माझ्यावर बसून रातांबे फोडते आहे. माझी कुरकुर तिला अक्षर न् अक्षर कळते.

म्हणून म्हणते, मित्रांनो, जुन्या खुर्च्यांना टाकून देऊ नका. त्यांना तेलपाणी करा, पावसात ठेवू नका. कोण जाणे, उद्या तुमच्यासाठीही एखादी खुर्ची जिवाच्या आकांताने आपला पाय वाढवून…

"पुरे गो तुझ्या फटी नि थापा!" कमल वरून ओरडली. "पाय वाढवला म्हणे! पाचव्या नकारानंतर मी घरी पाटावर बसून बघितलं, गुडघे हलतात काय ते. नाही हलले. तेव्हा कळलं, हलते ती तू. सहाव्या वेळी बसता बसता डावी चप्पल काढून तुझ्या पायाखाली सरकवली मी! नोकरी लागली त्या आनंदात तिथंच विसरले, आणि नार्व्यापर्यंत एका पायाने अनवाणी आले!"