रिकामं पडलेलं नाव

हवालदारानं दुकानासमोर सायकल लावली, टोपी काढून घाम पुसला आणि आत डोकावून विचारलं, "शिवकन्या महारुद्र शेटे हितंच राहती का?"

कड्याच्या पेठेत विश्वेश्वर हालगेचं किराणा दुकान होतं आणि दुकानाच्या मागंच घर. विश्वेश्वर गिऱ्हाइकाला तूरडाळ जोखून देत होता. पोलिसाला काय सांगावं याचा तो मनाशी विचार करेपर्यंत आतल्या दारातून त्याची बायको पदराला हात पुसत बाहेर आली. चेहरा नुसता फुललेला.

"मीच की! पालीहून कुणी आलंय का?"

झालं, तिथंच घोटाळा झाला. थोडा दम धरला असता, नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं असतं, तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं, असं विश्वेश्वर नंतर किती वेळा म्हणाला. पण तिचं तरी काय चुकलं? कड्यात तिला सगळे सत्यशीला म्हणून ओळखत. लग्नात सासऱ्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं हे नाव लिहायला लावलं, मांडवातल्या लोकांनी मान डोलावली, आणि पालीची शिवकन्या त्या ताटातच राहिली. आवडलं का नाव, असं तिला कुणी विचारलं नाही. विचारायची रीतच नव्हती. बाप गेल्यावर तिचं जन्माचं नाव आता जगात एकाच तोंडात उरलं होतं, आईच्या. पंचमीला माहेरी गेली की वच्छलाबाई उंबऱ्यातूनच ओरडायची, "आलीस का माय शिवकन्ये!" त्या एका हाकेवर ती वर्ष काढायची. तीच हाक भर दुपारी दारात ऐकू आली, मग कुणीही ओ दिली असती. गोष्ट तिच्या नावाची आहे, म्हणून आपण तरी तिला शिवकन्याच म्हणू.

हवालदारानं खिशातून चिठ्ठी काढली. "बीडात यष्टी स्टँडसमोर टेलिफोनचा बूथ हाय तुमच्या नावानं. त्या बूथवरून मोहनरावांना जिवे मारायच्या धमक्या गेल्यात. पालीत चौकशी केली, तर कड्याचा पत्ता मिळाला. उद्या बीडच्या ठाण्यात जबाबाला या."

मोहनराव म्हणजे तिकडचे बडे बागायतदार आणि पुढारी, येत्या निवडणुकीला उभे राहिलेले. त्यांना धमकी म्हणजे साधी गोष्ट नव्हती.

शिवकन्याला आधी हसूच आलं. "माझा बूथ? अवो, माझ्या घरात साधा फोन न्हाई!"

"ते उद्या सायबाला सांगा. आत्ता तुमीच म्हनलात ना, मीच की म्हनून?" हवालदारानं डाळ घेणाऱ्या गिऱ्हाइकाकडं बघितलं. त्यानं लगेच मान हलवली. मेल्याला तेवढीच घाई.

हवालदार गेला तसा विश्वेश्वर उसळला. "कावून बोललीस? हितं कोन शिवकन्या बिवकन्या? न्हाई म्हनायचं, विषय संपला."

"पन नाव तर माझंच हाय."

"व्हतं. आता न्हाई." त्यानं कपाटातून घरचं रेशनकार्ड काढून तिच्यासमोर आपटलं. "हे बघ, काय लिवलंय? सत्यशीला विश्वेश्वर हालगे. उद्या हे दाखवायचं आन सांगायचं, मी त्या बाईला वळखत न्हाई. घराची अब्रू पोलिसात न्यायची न्हाई मला."

कार्डावरचं नाव बघता बघता शिवकन्याला माहेरचं, पालीचं कार्ड आठवलं. लग्नानंतर त्यातून तिचं नाव कुणी कमीच केलं नव्हतं. करतं कोण? माणशी साखर मिळायची, रॉकेल मिळायचं. पोरगी सासरी गेली तरी तिच्या वाटची साखर घरात येत राहायची, घरोघरी तसंच होतं. कागदावर शिवकन्या अजून पालीतच होती, बिनलग्नाची, बापाच्या घरची साखर खात. तिची दहावीची मार्कशीट माहेरच्या पत्र्याच्या पेटीत होती. शाळेतले फोटोही त्याच पेटीत. आणि त्या पेटीची किल्ली होती रुद्रेशकडं, तिच्या धाकट्या भावाकडं, जो स्वतः दहावीत आपटला होता आणि हल्ली बीडात टेलिफोनचा धंदा करतो म्हणून आई कौतुकानं सांगायची. सगळं जुळलं. जुळायला नको होतं, पण जुळलं.

दुसऱ्या दिवशी लेकीला, अपेक्षाला, शेजारणीकडं ठेवून नवराबायको एसटीनं बीडला निघाली. विश्वेश्वर वाटेत एकच वाक्य घोकून घेत होता, "मी त्या बाईला वळखत न्हाई." ती खिडकीबाहेर बघत होती. शाळकरी पोराकडून कविता पाठ करून घ्यावी तसं चाललं होतं त्याचं.

तेव्हा ते पिवळे बूथ गावोगाव नवे नवे निघाले होते. बीडच्या स्टँडसमोरही एक होता, काचेची खोली, वर पिवळी पाटी. बाहेर स्टुलावर वच्छलाबाई बसली होती. लेकीला बघताच ती उठली आणि दोन्ही हातांनी तिचं तोंड कुरवाळलं. "आलीस का माय शिवकन्ये!" पंचमी नव्हती, तरी हाक तीच. शिवकन्याला रडूच फुटलं.

रुद्रेशनं दाजींना चहा सांगितला, बहिणीला हाताला धरून काचेच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. लाइट गेलेली होती. एरवी दार लावलं की आतला पंखा फिरायचा, आज तो थंड होता. दोन माणसांना उभं राहायलाही जागा नव्हती. काचेतून ऊन येत होतं, आणि काचेपलीकडून आई आणि नवरा आत बघत होते.

"अक्का, रागावू नको," रुद्रेश म्हणाला. "बाईच्या नावानं अर्ज केला की नंबर लवकर लागतो, असं मला एकानं सांगितलं. दहावी पास पायजे व्हतं. तुझी मार्कशीट पडलीच व्हती पेटीत."

"आन सही?"

"मीच केली. ल्हानपनी तुझ्या वह्यांवर बघून बघून गिरवायचो न्हाई का?"

"चोर हायेस तू."

"चोर कावून?" तो खरोखरच दुखावला गेला. "कड्याला तू सत्यशीला. तुझं ते नाव कोन वापरत व्हतं, सांग बरं? रिकामंच तर पडलं व्हतं. पडीक रानात कुनी चार दिस जनावरं बांधली तर त्याला काय चोरी म्हनत्यात?"

तिला यावर काहीतरी सणसणीत बोलायचं होतं. पण बोलणार काय? गेल्या पंचमीला तिनं स्वतःच आईला म्हटलं होतं, तुझ्याशिवाय मला या नावानं कुणी बोलवत नाही.

"मला इचारायचं तरी," ती एवढंच म्हणाली.

"दाजींनी करू दिलं असतं?"

तेही खरं होतं. तिनं विचारलं, "धमक्या कुनी दिल्या?"

"म्हाईत हाय. पन सांगनार न्हाई. त्याचं नाव घेतलं तर बूथसकट मला जाळतील." त्यानं आवाज उतरवला. "तू फक्त येवढं म्हन, बूथ माझा हाय, गिऱ्हाइकं लई येत्यात, कोन काय बोलतं ध्यानात राहत न्हाई. बाईमानसाला दोन प्रश्न इचारून सोडून देत्यात."

"आन न्हाई सोडलं तर?"

रुद्रेश रिसीव्हरवरची धूळ पुसत राहिला.

"आन मी खरं सांगितलं तर?"

"तर मी आत. सरकारला फसवलं म्हनून. मग माय कुनाच्या तोंडाकडं बघनार, तूच सांग."

तिनं दार ढकललं. ते ओढायचं होतं. क्षणभर ती दाराशी झटत राहिली आणि मग रुद्रेशनं हात पुढं करून ते उघडलं. बाहेर वच्छलाबाईनं तिचा पदर धरला. "पोराला वाचीव माय," ती म्हणाली.

ठाण्यात साहेब तरुण होते, बोलायला नरम. त्यांनी फाइल उघडून अर्ज पुढं ठेवला. अर्जावर फोटो होता, दोन वेण्या, कपाळाला भस्माचा पट्टा, गळ्यातल्या इष्टलिंगाचा दोरा कॉलरीतून जरासा दिसणारा. शाळेतल्या शिवकन्याकडं कड्याची शिवकन्या बघतच राहिली. फोटोखाली मार्कशीट टाचलेली होती. पहिला वर्ग. लग्न झाल्यापासून तो कागद तिनं पाहिलाच नव्हता. तिनं नकळत बोट पुढं केलं, तशी साहेबांनी फाइल आपल्याकडं ओढली.

"आधी सही करा. शिवकन्या महारुद्र शेटे अशी."

इतक्या वर्षांत हे नाव तिनं लिहिलंच नव्हतं. 'श'ची गाठ वाकडी झाली, रेघ खाली घसरली. साहेबांनी दोन्ही सह्या शेजारी ठेवल्या. अर्जावरची सही ठसठशीत होती, अगदी शाळेतल्या शिवकन्याची. आणि तिची स्वतःची सही नवशिक्याची वाटत होती. भावानं तिचं नाव तिच्याहून चांगलं सांभाळलं होतं.

"जुळत नाही," साहेब म्हणाले.

"जुळंल कसं साहेब?" विश्वेश्वर पुढं झाला. "ही ती बाईच न्हाई. माझी बायको सत्यशीला. हे कार्ड बघा."

"साहेब, ही माझी सख्खी बहीन हाय," रुद्रेश दुसऱ्या बाजूनं म्हणाला. "शिवकन्याच. बूथ तिचाच. घाबरलीया म्हनून सही वाकडी आली."

साहेबांनी दोघांना गप्प केलं. "बाई, तुम्ही सांगा. एक तर तुम्ही शिवकन्या नाही, मग आत्ता घरी जा, पुढचं आम्ही बघून घेऊ. किंवा तुम्ही शिवकन्या आहात. मग या नावावर जे जे आहे ते सगळं तुमचं. बूथही आणि धमक्याही. काय लिहू?"

दोन्हीकडून दोघं तिच्या तोंडाकडं बघत होते. दोघांनीही तिच्यासाठी वाक्य तयार करून आणलं होतं आणि दोघांचंही खोटं होतं. नवऱ्याचं म्हटलं तर ती सुटत होती, फक्त ती कोण हे सोडून द्यायचं होतं. भावाचं म्हटलं तर नाव राहत होतं आणि तुरुंगही. घरी अपेक्षा होती. ती प्रत्येक वहीवर, दारावर, पिठाच्या डब्यावरसुद्धा खडूनं आपलं नाव लिहायची आणि मार खायची. उद्या तिच्यासाठीही कुणी तांदळाचं ताट आणेल आणि मागं राहिलेलं नाव कुणीतरी उचलेल. शिवकन्याला राग आला. भावाचा, नवऱ्याचा, सासऱ्याचा आणि त्या मांडवात मान खाली घालून बसलेल्या स्वतःचासुद्धा.

"साहेब, शिवकन्या मीच," ती म्हणाली. "ह्यो फोटो माझा. धावी पास बी मीच झाले. पन बूथ माझा न्हाई, अर्जावरची सही माझी न्हाई. भावानं केली. मला कालपतुर काई म्हाईत नव्हतं."

"अक्का!" रुद्रेश ओरडला. विश्वेश्वरनं कपाळावर हात मारून घेतला.

साहेबांनी जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला, तिनं सही केली. ही सही मघापेक्षा बरी आली. रुद्रेशला आतल्या खोलीत बसवलं. जाताना त्यानं मागं वळून बघितलं नाही.

"माझी मार्कशीट द्या साहेब," तिनं मागितली. "फोटो बी."

"मिळायची नाही. मुद्देमाल आहे तो, केसचा निकाल लागेपर्यंत आमच्या ताब्यात राहील. आणि बोलावू तेव्हा तुम्हाला यावं लागेल, नाव तुमचं आहे." मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, आवाज मऊ करून ते म्हणाले, "लग्न झालं की माहेरच्या कार्डातून नाव कमी करून आणायचं असतं, बाई. आपले कागद आपल्यापाशी ठेवायचे. शिकलेल्या तुम्ही, एवढं कळायला नको?"

"नांदायला जाताना भांडी मोजून दिली साहेब," ती म्हणाली. "कागद न्यायचे असत्यात हे कुनी सांगितलंच न्हाई."

बाहेर विश्वेश्वर तिच्यासाठी न थांबता फाटकाकडं चालू लागला होता. ठाण्याच्या ओसरीवर वच्छलाबाई भिंतीला टेकून बसली होती. आतलं सगळं तिनं ऐकलं होतं, दार उघडंच होतं. शिवकन्या तिच्यापुढं वाकली. पायाला हात लावणार तेवढ्यात आईनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

"माय, मी खोटं कसं बोलू?" शिवकन्या म्हणाली.

वच्छलाबाईनं तिच्याकडं बघितलं. रागानंसुद्धा नाही. दारात आलेल्या परक्या बाईकडं बघावं तसं.

"सत्यशीलाबाई," ती म्हणाली, "तुमची यष्टी लागली आसंल. निघा आता."

आईच्या तोंडून ते नाव तिनं जन्मात पहिल्यांदा ऐकलं. ती ओसरीच्या पायरीशी उभी राहिली. आई चुकून तरी एकदा जुन्या नावानं हाक मारेल, रागानं का होईना, असं तिला वाटत होतं. वच्छलाबाईनं तोंड भिंतीकडं वळवलं होतं. फाटकातून विश्वेश्वरनं "सत्यशीला" म्हणून हाक मारली आणि ती निघाली.