भागाअक्कांनी फोनवर पाहिलेली गावं

भागाअक्कांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, फोन हातभर लांब धरला आणि पडद्यावरच्या मुलीला पहिलाच प्रश्न टाकला.

"बेटा, तठे पानी कसं शे?"

म्युनिकमधली भाविका, भाची पुनमची नर्सिंग कॉलेजातली मैत्रीण, हसली. नळाचंच पितो, म्हणाली.

शिंदखेड्याच्या आसपास कुठलीही लेक द्यायची झाली की भागाअक्का आधी ते गाव पाहून येत; चाळीस वर्षं हेच चाललं होतं. न सांगता जायच्या, विहिरीवर टेकायच्या, शेजारणीकडे घोटभर पाणी मागायच्या आणि त्या घोटाबरोबर घराची सगळी हकीकत पिऊन यायच्या. आता त्यांच्या धाकट्या भावाची, झुलालची लेक पुनम एकटीच जर्मनीला निघाली होती. धुळ्याच्या दवाखान्यात अतिदक्षता विभाग सांभाळणारी नर्स. तिथल्या दवाखान्यांची बोलावणी दोन होती: एक म्युनिकचं, दुसरं आल्टेनरोड नावाच्या लहानशा गावाचं. संध्याकाळपर्यंत एक नाव कळवायचं होतं, मग तीन वर्षं तिथून हलता येणार नव्हतं. जाऊन पाहणं होईना, म्हणून अक्का फोनवरच गाव पाहायला बसल्या.

भाविकाबरोबर अकरा मराठी मुली होत्या. दिवाळीला सगळ्या मिळून रांधत. ताप आला तेव्हा दोघी उशाशी होत्या. झुलालभाऊंनी मान डोलावली. त्यांच्यापुरतं म्युनिक ठरलं होतं.

पुनमने फोन आपल्याकडे घेतला.

"तिकडचा नर्सचा परवाना मिळाल्यावर काम काय देतात गं?"

भाविकाने दाराकडे पाहिलं, आवाज उतरवला. आंघोळी, भरवणं, चादरी. वर्ष झालं, व्हेंटिलेटरला हात लावू दिला नव्हता.

दुसरा फोन आल्टेनरोडला. तिथे केरळची नर्स लिसी होती, गावातली एकुलती एक भारतीय. अक्कांनी आपल्या हिंदीत पाणी विचारलं, शेजार विचारला. शेजार चांगला, पण अबोल. थंडी हाडात शिरते. ताप आला तेव्हा पेज तिने स्वतःच केली होती. अक्कांचा चेहरा पडत गेला.

पुनमने इथेही तेच विचारलं.

"दुसऱ्या आठवड्यापासून तीन पेशंट माझे," लिसी हिंदीत म्हणाली. "रात्री डॉक्टर आधी मला विचारतो, मग औषध बदलतो."

ते ऐकताना ताठ झालेली पुनमची पाठ फोन ठेवला तरी ताठच होती. अक्का तिच्याकडे बघत राहिल्या.

"इतला गावे दख्यात मी," त्या हळू म्हणाल्या. "पानी दखं, गोठा दखा, सासूनं तोंड दखं. पोरले काम काय देतीन, हाई मातर कोनलेच इचारं नही."

"आबा, मी आल्टेनरोडला जाते," पुनम वडिलांना म्हणाली.

झुलालभाऊ म्हणाले, "तठे आपलं मानूस कोनीच नही."

"आते पुनम व्हई ना," अक्का म्हणाल्या. "पुढली पोर इचारी ते हिलेच इचारी."

पुनमने नाव लिहिलं, एकदा वाचलं, पाठवून दिलं. झुलालभाऊंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

अक्कांनी लिसीला पुन्हा फोन लावायला सांगितला. पुनमला वाटलं, थंडीचं काही राहिलं असेल.

चष्मा नीट बसवून अक्कांनी विचारलं, तिकडे अजून किती पोरी लागतात?