भुवयांपर्यंत

खालचा फोन बारीक किणकिणला, तेव्हा विमलाक्का अवरेकाईच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या लगेच उठल्या नाहीत. ही किणकिण कुणाच्या फोनची नव्हती. वरच्या मजल्यावर दिरांनी इंटरनेट लावायला घेतलं, की नंबर फिरताना खालचा फोन असा उगाच कुरकुरायचा. विमलाक्कांनी पदराला हात पुसले, धुऊन ठेवलेले तांदूळ गॅसवर चढवले आणि पुन्हा शेंगांपाशी येऊन बसल्या.

भाताला उकळी यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ त्या दिरांना द्यायच्या. तेवढ्यात वर बाळाचा फोटो भुवयांपर्यंत उतरलेला असतो, हे आता त्यांना पाठ झालं होतं. झाकण थडथडलं. त्या उठल्या, रिसीव्हर उचलला आणि कानाला न लावता नुसताच हातात धरला. आतली ती कर्कश चिरचिर तुटली, तसा त्यांनी तो हलक्या हाताने जागेवर ठेवून दिला.

"गेलं!" वरून विद्याधरचा आवाज आला. "परत गेलं! ह्या मयूरनेटवाल्यांना कोर्टात नाही खेचलं, तर नाव सांगणार नाही!"

विमलाक्कांनी गॅस बारीक केला. त्यांना बरं वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलं गोड वाटलं.

बेंगळूरच्या चामराजपेटेतल्या त्या दुमजली घरात विमलाक्का खाली राहायच्या आणि धाकटे दीर विद्याधर, जाऊ उल्का वर. विमलाक्कांचे यजमान फार लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. वरच्यांची सिद्धी मात्र खालीच वाढली. वेण्या घालून घ्यायला, पाढे म्हणायला, रुसून बसायला ती जिना उतरून 'दोड्डम्मा'कडे, म्हणजे मोठ्या आईकडे, यायची. ती सिद्धी आता अमेरिकेत होती आणि तिला पहिला मुलगा झाला होता. जावयाने हौसेने बाळाचा चांगला मोठा फोटो इंटरनेटवर लावला होता. सिद्धी तो पोस्टानेही पाठवणार होती, पण विद्याधरने तिला फोनवर ठणकावून सांगितलं, "पोस्टाची वाट बघायला आम्ही काय जुन्या काळातली माणसं आहोत? मी घरात कंप्युटर कशाला घेतलाय?" कोपऱ्यावर सायबर कॅफे निघाला होता. उल्का म्हणाली, तिथे जाऊन बघून येऊ. त्यालाही नकार. स्वतःच्या नातवाचं तोंड भाड्याच्या खुर्चीवर बसून बघायचं म्हणजे विद्याधरच्या इभ्रतीला धक्का होता.

म्हणून तो रोज लावायचा आणि रोज तुटायचं. फोटो वरून खाली एकेक पट्टी उतरत यायचा. आधी टोपरं, मग कपाळ, मग भुवया. त्याच्या पुढे काही तो कधी उतरला नव्हता. एका कंपनीशी भांडून विद्याधरने दुसरी धरली होती आणि आता ह्या दुसरीविरुद्ध त्याने इंग्रजी पेपरातही खरमरीत पत्र छापून आणलं होतं.

उल्का जिना उतरून आली. तिचा चेहरा पडलेला होता.

"अक्का, आज भुवया एकदम स्पष्ट दिसल्या हो. आपल्या सिद्धीच्याच भुवया. आता डोळे येणार, म्हणून मी देवाला हात जोडले आणि तेवढ्यात गेलं बघा."

"अय्यो," विमलाक्का म्हणाल्या. "उद्या येईल की."

"उद्या उद्या करत बाळ चालायला लागेल." उल्काने सोललेले दाणे उगाच चाळवले. "तुम्हाला नाही हो बघावंसं वाटत?"

विमलाक्कांनी पुढची शेंग सोलायला घेतली. वाटत होतं. सिद्धीच्या पोराचे डोळे कसे असतील, ह्या विचाराने त्यांना रोज दुपारी डुलकी लागायची नाही. पण ज्या माणसाला ते डोळे दिसू द्यायचे नव्हते, त्याच्याच घरात, त्याच्याच कंप्युटरवर ते येणार होते. त्याला काय करणार?

त्या माणसाने चार वर्षांपूर्वी केलं ते असं.

विद्याधरला तेव्हा बढती मिळायची होती आणि त्याने साहेबांना सहकुटुंब जेवायला बोलावलं होतं. विमलाक्कांच्या हातची पुरणपोळी, म्हणजे इथली होळिगे, सगळ्या चामराजपेटेत नावाजलेली, तेव्हा स्वयंपाक अर्थातच त्यांच्याकडे. फोन त्या वेळी फक्त वर होता. सकाळीच धारवाडहून त्यांच्या भावाचा, विठोजीचा, फोन आला. आई जायला टेकलीय, विमलाचं नाव घेतेय, असेल तशी पाठवून द्या, असं त्याने सांगितलं. विद्याधरने "सरी, सरी, पाठवतो" म्हटलं, फोन ठेवला आणि खाली येऊन विमलाक्कांना विचारलं, "पुरणात वेलदोडा घातलाय ना, वहिनी?"

साहेब पान खाऊन गाडीत बसले, त्यानंतर त्याने सांगितलं. विमलाक्का नेसत्या लुगड्याने रात्रीच्या बसमध्ये बसल्या. सकाळी धारवाडला पोचल्या, तर अंगणात गार पाण्याने धुतलेली जमीन होती आणि भाऊ डोकं भादरून बसला होता. आई आदल्या दिवशी दुपारीच गेली होती. दिवस मावळेपर्यंत घरच्यांनी विमलाक्कांची वाट बघितली होती. "सकाळीच कळवलं होतं की गं मी," विठोजी म्हणाला. "तू निघाली असतीस, तर निदान तोंड तरी दिसलं असतं."

परत आल्यावर विमलाक्कांनी विद्याधरला विचारलं. तो चिडला. "आयत्या वेळी आचारी कुठून आणला असता मी? आणि तुम्ही जाऊन काय त्या वाचल्या असत्या?" पुढच्याच आठवड्यात त्याने खाली हा दुसरा फोन बसवून दिला. "घ्या, आता तुमचा एकही फोन चुकायचा नाही," म्हणाला. झालं, त्याच्या लेखी प्रकरण मिटलं.

विमलाक्कांच्या लेखी ते मिटलं नव्हतं, पण बोलणार कुणाशी? माहेरी आता आई नव्हती आणि ह्या घराबाहेर दुसरं घर नव्हतं. त्या दिराला वाढत राहिल्या, त्याच्या पथ्याचं करत राहिल्या. मग एक दिवस त्यांनी सहज रिसीव्हर उचलला, आत कुणी पत्रा घासल्यासारखा आवाज आला, दचकून त्यांनी तो ठेवला आणि वर विद्याधर ओरडला, "गेलं!" दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच झालं. तिसऱ्या दिवसापासून ते आपोआप झालं नाही.

शनिवारी दुपारी मयूरनेटची मुलगी आली. पुण्याची होती, श्वेता नावाची. कोरमंगलात पीजी म्हणून राहायची आणि कंपनीच्या गिऱ्हाइकांची खुशाली विचारत स्कूटीवरून सगळं बेंगळूर पालथं घालायची. बैठक खालच्या मजल्यावर होती, म्हणून विद्याधर आणि उल्का खाली आले. घरात मराठी बोलतात हे ऐकून पोरीचा जीव भांड्यात पडला.

"सर, तुमचं पेपरमधलं लेटर वाचून मॅनेजरनी मला पर्सनली पाठवलंय. कस्टमर सॅटिस्फॅक्शनचा सर्व्हे पण आहे. स्पीडला एक ते पाचमध्ये किती मार्क द्याल?"

"शून्य."

"सर, शून्य नाहीये त्यात."

"मग घालून घ्या. मला कंप्युटर येतो, तुम्हाला शून्य काढता येत नाही?"

श्वेताने ओठ चावला आणि पुढचं विचारलं. आमची सर्व्हिस मित्राला रेकमेंड कराल का? विद्याधर म्हणाला, मित्राला नाही, शत्रूला करीन. ह्या कंपनीला मी बेंगळुरातून हाकलून लावणार आहे, असंही म्हणाला. उल्का मध्ये पडली. "स्वल्प थांबा हो. पोरीवर काय ओरडता? तिने काय केलंय?"

विमलाक्का कॉफीचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. पोरीचे कान लाल झालेले त्यांना दिसत होते.

"सर, एक विचारू?" श्वेता म्हणाली. "आमच्या साइडने लाइन ओके दाखवतेय. घरात दुसरा फोन आहे का, पॅरलल? कनेक्शन चालू असताना तो कुणी उचलला, तर लगेच कट होतं. चुकून कुणी..."

विद्याधर हसला. त्या दिवसात पहिल्यांदाच मनापासून हसला.

"आहे की, तो काय कोपऱ्यात. पण उचलणार कोण? आमच्या वहिनी? अहो बाई, त्या विचारल्याशिवाय ह्या घरात पंखासुद्धा लावत नाहीत. त्यांना ह्यातलं काय कळतंय? तुमची चूक झाकायला आमच्या गरीब माणसावर नका ढकलू."

हे तो कौतुकाने बोलला, हेच वाईट. गप्प बसल्या असत्या, तर सगळं होतं तसंच चाललं असतं. कंपनीला शून्य मिळालं असतं, तिसरी कंपनी आली असती, तिच्या लाइनवरही फोटो भुवयांवरच अडला असता. पण मग कसला हा सूड? त्या इतके दिवस ह्या माणसाचा जीव जाळत होत्या आणि त्याचा जीव जाळू शकेल असं कुणी घरात राहतं, हेच त्याला ठाऊक नव्हतं. त्यांच्या अंगाचा भडका उडाला.

"मीच उचलते," त्या म्हणाल्या.

कुणाला काही कळलं नाही. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला. "रोज मीच उचलते फोन."

"चुकून उचलला असेल हो, वहिनी," विद्याधर म्हणाला. "असू दे."

"चुकून नाही. तुम्ही वर लावलंत, की मी भात चढवते. उकळी आली, की उचलते. भुवयांच्या पुढं तुम्हाला जाऊ द्यायचं नव्हतं मला."

"अक्का!" उल्का उठून उभी राहिली. "का हो? काय केलं आम्ही तुमचं?"

"तू काही नाही केलंस, उल्का. तुझं मन मोडलं, त्याचं पाप माझ्याच डोक्यावर. पण माझ्या आईचा फोन कधी आला होता, ते विचार ह्यांना."

"संध्याकाळी की. साहेब जेवून गेल्यावर."

"सकाळी आला होता. मी पुरण वाटत होते तेव्हा."

उल्का नवऱ्याकडे बघत राहिली. त्याने नाही म्हणावं म्हणून ती थांबली होती. विद्याधरने आधी घड्याळाकडे बघितलं, मग त्या पुण्याच्या पोरीकडे.

"चार वर्षं झाली त्याला," तो म्हणाला. "परक्या माणसासमोर काय हे? आणि मी तेव्हाच सांगितलंय, तुम्ही जाऊन काय त्या वाचल्या असत्या, वहिनी?"

"नसत्या वाचल्या," विमलाक्का म्हणाल्या. "पण मला आईचं तोंड दिसलं असतं. नातवाचं तोंड दिसलं नाही, म्हणून तुम्ही पेपरात लिहिलंत, भावजी. मी कुठल्या पेपरात लिहू?"

श्वेताची कॉफी टेबलावरच्या ट्रेमध्ये तशीच होती. तिच्या फॉर्मवर ह्याला कुठलाच रकाना नव्हता. "मी... मी नंतर येते, सर," असं पुटपुटून तिने चपला हातातच घेतल्या आणि ती फाटकाबाहेर गेली.

"मला म्हणालात, फोन आत्ताच आला," उल्का हळू आवाजात म्हणाली. "त्या दिवशी मी अक्कांना हसून सांगत होते, साहेबांना आणखी एक होळिगे वाढा म्हणून. त्यांची आई जायला टेकली होती तेव्हा. तुम्हाला माहीत होतं आणि मी हसत होते."

"तुला सांगितलं असतं, तर तू रडत बसली असतीस. पाहुण्यांसमोर."

"हो, बसले असते."

विद्याधर उभा राहिला. तो कुणाकडे न बघता बाहेर गेला. जिन्यावर त्याची पावलं वाजली, वर खुर्ची सरकली. उल्का मात्र गेली नाही. विमलाक्का जमिनीवर बसल्या, तशी तीही त्यांच्या शेजारी बसली आणि रडायला लागली. तिला जवळ घ्यावं की नाही, हे विमलाक्कांना कळेना. जिच्या नातवाला त्यांनी रोज अर्ध्यावर तोडलं होतं, तिला कुठल्या तोंडाने जवळ घ्यायचं? शेवटी उल्कानेच त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

कोपऱ्यातला फोन किणकिणला.

दोघींनी तिकडे बघितलं. कुणीच उठलं नाही. स्वयंपाकघरात काहीही चढवलेलं नव्हतं. बाहेर भाजीवाला ओरडत गेला, समोरच्या घरात कुणीतरी कपडे आपटत होतं. विमलाक्कांचं सगळं ध्यान वर होतं. आता टोपरं उतरलं असेल. आता कपाळ. आता भुवया झाल्या असतील आणि डोळे येत असतील. सूड पुरा झाला, की मन शांत होईल असं त्या धरून चालल्या होत्या, आणि मन तर नुसतं त्या डोळ्यांपाशी जाऊन बसलं होतं.

बऱ्याच वेळाने वर खुर्ची धाडकन मागे सरकली.

"आलं!" विद्याधर ओरडला. "पूर्ण आलं! अगं उल्का, ये लवकर! हनुवटीपर्यंत आलं सगळं!"

उल्काने डोळे पुसले. ती हलली नाही.

"उल्का! ऐकू येतंय का? हसतोय गं तो!"

जिन्याच्या वरच्या पायरीवर विद्याधरची पावलं आली आणि तिथंच थांबली. पुन्हा बोलला, तेव्हा त्याचा आवाज अगदी खाली आलेला होता.

"वहिनी... तुम्हीतरी या."

विमलाक्कांनी जमिनीवर हात टेकला आणि उठण्यासाठी एक गुडघा उचलला. उल्काने त्या गुडघ्यावर आपला हात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. विमलाक्का क्षणभर तशाच राहिल्या आणि मग त्यांनी पाय पुन्हा दुमडून घेतला.