मागच्या सीटवर सासूबाई

चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या साध्यासुध्या माणसाने एवढी उंच मोटरसायकल घ्यावी, हे त्याच्या सासरी कुणालाच पटलं नव्हतं. ती दारात उभी राहिली की शेजारच्या स्कूटर अगदीच पोरसवदा दिसायच्या. पुढचं चाक थोरलं, टाकी फुगलेली, मागे दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या. चष्मेवाल्याचे पाय कसेबसे टेकायचे, तेही चवड्यांवर. पण त्याचा जीव तिच्यावर जडला होता. बायकोला मागे बसवून लांब डोंगरात जायचं, हे त्याने किती दिवस घोकलं होतं!

आणि निघायच्या आदल्याच संध्याकाळी बायकोची रजा रद्द झाली. चष्मेवाला तोंड पाडून बसला. तेवढ्यात सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"जागा रिकामीच आहे ना? मग मी येते."

"आई, तुझं वय काय, ती गाडी काय!" बायको ओरडलीच.

"मला मागे बसायचंय. वय बघायचं ते चालवणाऱ्याचं."

हा हट्ट उगाच नव्हता. सासूबाईंनी सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये, कानाला हेडफोन लावून काढलेली. डोंगरातल्या एक्सचेंजवर त्यांच्याचसारखी एक बाई होती. लोकांचे फोन जोडता जोडता दोघी बोलायच्या. एकमेकींची लग्नं, बाळंतपणं, साहेबांच्या खोड्या, सगळं त्या तारेवरून इकडचं तिकडे झालं. ही तिला 'डोंगरवाली' म्हणायची, ती हिला 'खालची'. पण भेट अशी कधी झालीच नाही. आता डोंगरवाली वर खिंडीजवळ राहत होती. दरड कोसळून रस्ता उखडला होता आणि बस पार खालीच थांबत होती.

"तुमची गाडी म्हणे खड्ड्यांसाठीच बनवलीय," सासूबाई म्हणाल्या. "मग तिला खड्डे दाखवू या की, जावईबापू."

सकाळी लेकीची पँट, लेकीचं जॅकेट, लेकीचं हेल्मेट घालून सासूबाई पेटीचा आधार घेत वर चढल्या आणि सिंहासनावर बसल्यासारख्या बसल्या.

शहरात गाडीने दोघांनाही छळलं. सिग्नलला थांबलं की इंजिनाची धग पायांना लागायची, आणि गर्दीत हळू चालवताना सगळं वजन वरच्या वर डुलायचं. चष्मेवाल्याला घाम फुटला. पण मोठा रस्ता लागला आणि गाडीचा स्वभावच बदलला. वरच्या गिअरमध्ये ती एकसुरी घुमायला लागली; ट्रक शेजारून गेला तरी तिची मान हलेना. समोरच्या काचेमुळे छातीवर वारा येत नव्हता.

"जावईबापू," हेल्मेटमधल्या फोनवरून आवाज आला, "माझ्या डोक्यावर कुणीतरी उशी आपटतंय."

काचेवरून उसळलेला वारा थेट त्यांच्यावर जात होता. त्याने थांबून काच वर सरकवली, मागची स्प्रिंग आवळायची खुंटी सासूबाई आणि पेट्यांच्या वजनाच्या मानाने फिरवली. उशी थांबली, आणि हेडलाइट झाडांच्या शेंड्यांऐवजी रस्ता दाखवायला लागला. मग काय विचारता! सासूबाईंची जुनी नोकरी सुरू झाली.

"डावीकडून ट्रॅक्टर येत आहे. कृपया थांबा. ट्रॅक्टर गेला. धन्यवाद."

चष्मेवाला इतका हसला की त्याच्याच चष्म्यावर वाफ धरली.

गाडी पडली ती चहाच्या टपरीजवळ. उतारावर गाडी वळवताना त्याने पाय खाली टाकला, आणि जिथे जमीन असायला हवी तिथे ती नव्हतीच. बसकण मारणाऱ्या म्हशीसारखी गाडी सावकाश आडवी झाली. सासूबाई मात्र जिन्यावरून उतरावं तशा अलगद बाजूला उतरल्या होत्या.

"लागलं का हो?"

"नाही," तो चहूकडे बघत म्हणाला.

"माझ्याशिवाय कुणी पाहिलं नाही. आणि मी घरी सांगणार नाही. निदान जेवण होईपर्यंत तरी नाही."

त्याने हँडल धरून गाडी ओढली. ती ढिम्म. मग त्याने सीटला पाठ टेकवली, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागची दांडी धरली आणि पायांनी मागे रेटत निघाला. सासूबाईंनी पलीकडच्या पेटीला हिसका दिला. गाडी उभी राहिली. पेटीला पोचा आला होता आणि क्लचचं टोक जरा वाकलं होतं, बाकी गाडीला काही झालं नव्हतं. चहा मात्र दोघांनी उभ्यानेच, गाडीवर हात ठेवून प्यायला.

दुपारी डांबर संपलं. पुढे सगळी खडी, मोकळे दगड आणि मधून आडवं वाहणारं पाणी. चष्मेवाला फूटरेस्टवर उभा राहिला. दुकानात नंबर काढणाऱ्या त्याच्या हातांत हँडल कोंबडीसारखं फडफडत होतं. पण त्याने ते सैल धरलं आणि गाडी आपली आपण वाट काढत निघाली. पाण्यात मधोमध पुढचं चाक दगडावर आपटलं, मागचं सटकलं. त्याने ब्रेकवरचं बोट उचललं, क्लच जरासा दाबून धरला आणि वेग तसाच ठेवला. गाडी गुरगुरली, हिसका देऊन काठावर चढली.

त्याने मान जराशी मागे वळवली.

"आई? आई, ऐकू येतंय ना?"

"डोळे मिटले होते. झालं का?"

"झालं."

"अगं बाई! मग परत एकदा करा की. मला काहीच दिसलं नाही."

त्याने काही परत केलं नाही, पण त्याच्या खांद्यावरची त्यांची पकड आता सैल झाली होती.

खिंडीजवळच्या घरापुढे डोंगरवाली उभी होती. धिप्पाड, पिकलेल्या केसांची. हेल्मेट काढलेल्या सासूबाई तिच्या खांद्यालाही लागत नव्हत्या. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"या ना," डोंगरवाली म्हणाली. "बसा."

"हो. तुम्ही बऱ्या आहात ना?"

चष्मेवाल्याला कसंनुसं झालं. इतक्या वर्षांच्या जिवलग मैत्रिणी, आणि 'अहो-जाहो'? आत चहा झाला, पाणी झालं, हवापाण्याचं बोलून झालं. आवाज ओळखीचा, चेहरा परका. दोघींनाही कुठे बघावं ते कळत नव्हतं. मग हवा घ्यायला म्हणून त्या पायरीवर शेजारी शेजारी बसल्या. समोर चिखलाने माखलेली गाडी. चष्मेवाला चेनवर तेल सोडत होता.

"त्या पेटीला काय झालं गं?" डोंगरवालीने विचारलं.

"जावयाने पाडली," सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे मी सांगणार नव्हते."

"आणि तू?"

"मी उतरले होते. तुला तो ट्रंक कॉल आठवतो का, आमच्या साहेबाची खुर्ची मोडली तेव्हाचा? जावई अगदी त्याच्यासारखाच दिसत होता बिचारा!"

डोंगरवाली गुडघ्यावर हात मारून हसायला लागली. मग दोघी जशा सुटल्या त्या सुटल्याच. गाडीकडे बघत बघत, एकमेकींच्या तोंडाकडे न पाहता, कित्येक वर्षांचं तुंबलेलं बोलणं वाहायला लागलं. चेनचं काम केव्हाच संपलं होतं. चष्मेवाला उगीच फडकं फिरवत, कान देऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरवालीने फर्मान काढलं. वरच्या तळ्यापर्यंत न्या. गुडघ्यांमुळे किती दिवसांत ते पाहिलं नाही. ती बसली तशी गाडीने मागून बैठकच मारली. त्याने खुंटी शेवटपर्यंत फिरवली, तेव्हा कुठे गाडीने कंबर सरळ केली. चढ उभा होता, पण पहिल्या गिअरमध्ये गाडी कुरकुर न करता, दमदार पावलं टाकत वर गेली. तळं बघून परत येताना डोंगरवाली मोठ्याने गात होती, आणि दारात सासूबाई वाट बघत उभ्या.

"जावईबापू, तुम्ही निघा," त्या म्हणाल्या. "मी राहते थोडे दिवस. तुम्हाला परत यावं लागेल मला न्यायला. चालेल ना?"

चालेल ना! चष्मेवाल्याने तोंड होता होईल तेवढं गंभीर ठेवून बायकोला फोन लावला.

"अगं, तुझी आई ऐकत नाहीये. मला पुन्हा इतक्या लांब यावं लागणार. काय करू?"

"अय्या, मग मी येते या वेळी!"

"आणि येताना आई कुठे बसतील?"

बायको म्हणाली, "आईला मागे बसवून मी आणते, तू राहा तिथे डोंगरवालीकडे. मी शिकते गाडी."